तळाशी छिद्र असलेली तांब्याची वाटी

सातारा जिल्ह्यातील एका वाचकबंधूंचे पत्र दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आले. वडिलोपार्जित वाड्याची कौले उतरवून आढे बदलावयाचे असल्याने त्यांनी माळा रिकामा केला. तेव्हा एका लाकडी पेटीत, खारव्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तांब्याची एक वाटी निघाली. त्याच पेटीतील समया, ताम्हने, झिजलेली सहाण आणि मोडी कागदांचा एक रुमाल ही सर्व घरातील वडील मंडळींच्या ओळखीची होती. ही वाटी मात्र कोणासच ओळखू येईना. तोंडाशी साडेपाच इंच रुंद, पावणेतीन इंच खोल, अर्ध्या नारळाच्या आकाराची आणि आकारमानाच्या मानाने हाताला हलकी. कड साधी. कान नाहीत, कडी नाही, बुडाला बैठक नाही. त्यामुळे जमिनीवर ठेवली की ती एका अंगास कलते. आणि तळाशी, अगदी मध्यावर, एक छिद्र. शिवणाच्या सुईचे टोक त्यातून जाते, दाभण जात नाही.

पत्राच्या शेवटी त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. ही वस्तू काय आहे? आणि ती आमच्या घरात आली कशी? दुसरा प्रश्न विचारण्यास कारणही तसेच होते. १९५६ साली त्यांच्या आजोबांच्या पिढीत वाटण्या झाल्या, त्या वेळी घरातील भांड्यांची यादी करण्यात आली. त्या यादीत पळी-पंचपात्रीपासून मोडक्या चिमट्यापर्यंत प्रत्येक जिन्नस नोंदलेला आहे. ही वाटी मात्र त्या यादीत नाही.

घरातील मंडळींनी आपापल्या परीने तर्क केले होते आणि पत्रलेखकांनी ते प्रामाणिकपणे कळविले होते. थोरल्या काकांच्या मते ते शंकराच्या पिंडीवर टांगण्याचे अभिषेकपात्र. सूनबाईंच्या मते ती नैवेद्याची साधी वाटी, फक्त भोक पडून निकामी झालेली. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने ते तेल गाळण्याचे साधन ठरविले. घरातील ९१ वर्षांच्या आत्याबाईंनीही काही सांगितले होते; पण, पत्रलेखकांच्याच शब्दांत, ‘त्यांना आता फारसे आठवत नाही.’ बाजारच्या दिवशी तांबट येणार होता. तो छिद्राला डाग देऊन, वाटीस कल्हई करून देण्यास तयार होता. आणि तसे करावयाचे नसेल तर मोडीच्या भावाने वजन करून नेण्यासही तयार होता.

आम्ही उलट टपाली एकच ओळ लिहिली : छिद्र बुजवू नये, वाटी विकू नये, आणि छिद्रात सुई घालून ते ‘साफ’ तर मुळीच करू नये. सविस्तर उत्तर मागाहून धाडले. ते इतर वाचकांसही उपयोगी पडेल असे वाटल्याने या महिन्याचे टिपण त्याच विषयास वाहिले आहे.

अनोळखी वस्तू पुढे आली की आपण प्रथम तिचे रूप पाहतो आणि त्या रूपाशी जुळणारी एखादी ओळखीची वस्तू आठवू लागतो. वाटीसारखी दिसते, म्हणजे वाटी. वाटीस भोक आहे, म्हणजे फुटकी वाटी. हा मार्ग सोपा आहे, पण फसवा आहे. वस्तूची खरी जात तिच्या रूपावरून नव्हे, तिच्या कामावरून ठरते; आणि काम ओळखावयाचे तर तिला तीन प्रश्न विचारावे लागतात. तिच्यात काय आहे? काय असावयास हवे होते पण नाही? आणि ती कोठे झिजली आहे?

या वाटीस हे प्रश्न विचारून पाहू. छिद्र गोल आहे, मध्यावर आहे, आणि त्याच्या भोवतालचा पत्रा चिरलेला वा गंजलेला नाही. आपटून किंवा झिजून पडलेले भोक असे नेमके मध्यबिंदूवर आणि इतके वाटोळे पडत नाही. तेव्हा ते मुद्दाम पाडलेले आहे. सूनबाईंचा तर्क येथेच मागे पडतो. तेल गाळावयाचे तर एक छिद्र पुरत नाही, अनेक लागतात. म्हणून नातवाचाही तर्क टिकत नाही.

काकांचा तर्क अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण अभिषेकपात्रासही तळाशी छिद्र असते आणि त्यातून पिंडीवर संततधार धरली जाते. परंतु अभिषेकपात्र अधांतरी टांगावे लागते किंवा तिवईवर ठेवावे लागते. त्यास कड्या, कान किंवा जाड काठ हवा. पाण्याचा भार सोसावा म्हणून त्याचा पत्राही जाड असतो. येथे यांतील काहीच नाही. टांगण्याची सोय नाही, बसण्याची बैठक नाही, पत्रा पातळ. जी वस्तू टांगता येत नाही आणि जमिनीवर धड बसत नाही, ती राहावी कोठे? उत्तर एकच संभवते : पाण्यावर. आणि एकदा ती पाण्यावर ठेवली की छिद्राचा अर्थ पालटतो. अभिषेकपात्रात पाणी आतून बाहेर जाते; या वाटीत ते बाहेरून आत येते. ही वाटी पाणी देण्यासाठी नव्हे, बुडण्यासाठी घडविलेली आहे. ते घटिकापात्र होय.

तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आपल्या जुन्या कालगणनेत अहोरात्राचे साठ भाग केलेले असत. त्या प्रत्येक भागास घटिका म्हणत. एका घटिकेची साठ पळे. आजच्या मापाने घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि पळ म्हणजे २४ सेकंद. दोन घटिकांचा एक मुहूर्त, साडेसात घटिकांचा एक प्रहर, अडीच घटिकांचा आजचा एक तास. सूर्य दिसत असेल तेव्हा सावलीवरून वेळ काढता येई. पण रात्री, पावसाळ्यात किंवा मांडवाखाली सावली कोठून आणावी? तेथे हे पात्र उपयोगी पडे. रिकामे पात्र स्वच्छ पाण्यावर अलगद सोडावयाचे. छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते, पात्र जड होत जाते, आणि काठाशी पाणी लागताच एकदम तळाशी जाते. ते बुडाले की एक घटिका झाली. ते उचलून, रिकामे करून पुन्हा सोडावयाचे.

सूर्यसिद्धान्तात हे यंत्र मोजक्या शब्दांत वर्णिलेले आहे : खाली छिद्र असलेले तांब्याचे पात्र, निर्मळ पाण्याच्या कुंडात ठेवले असता अहोरात्रात साठ वेळा बुडणारे. त्यातील ‘निर्मळ’ हे विशेषण शोभेसाठी नाही. पाण्यात कचऱ्याचा एक कण असला आणि तो छिद्रात अडकला, तर घटिका लांबते. लीलावतीच्या लग्नाची आख्यायिका आपणांपैकी बहुतेकांनी बालपणी ऐकलेली असेल. मुलगी कुतूहलाने पात्रात डोकावली, तिच्या अलंकारातील मोती गळून छिद्रावर बसला, आणि मुहूर्त कोणाच्या नकळत टळून गेला. ही कथा भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते. तेव्हा इतिहास म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मौज अशी की ही गोष्ट ज्यांना पाठ आहे, अशा घरातही ते पात्र प्रत्यक्ष समोर आले असता ओळखले गेले नाही.

या पात्राचा संचार पंचांगवाल्या जोशांच्या घरापुरता नव्हता. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात इत्सिंग हा चिनी यात्रेकरू भारतात आला. येथील मोठ्या विहारांतून अशी जलघटिका असे, ती राजांनी दान दिलेली असे, आणि तिच्यावर नजर ठेवण्यासाठी मुलेही नेमून दिलेली असत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पात्र बुडाले की नगाऱ्यावर टोले पडत. पुढे सोळाव्या शतकात बाबराने हिंदुस्थानचे वर्णन लिहिताना शहरांतील घडियाली लोकांची हकीकत दिली आहे. हे लोक पाण्यातील पात्रावर लक्ष ठेवीत आणि घटिका भरताच उंच टांगलेल्या धातूच्या थाळीवर टोले देत. बाबरास त्यात एक अडचण दिसली. रात्री मध्येच जाग आलेल्या माणसास घटिकांचे टोले ऐकू येत. पण प्रहर कोणता चालू आहे हे कळत नसे. म्हणून त्याने रात्री, तसेच आभाळ भरलेल्या दिवशी, घटिकेच्या टोल्यांनंतर प्रहराचेही टोले द्यावेत असा हुकूम दिला. परमुलखातून आलेल्या एका बादशहाने या व्यवस्थेत इतके बारकाईने लक्ष घालावे, यावरून ती त्या काळी किती रुळलेली होती याची कल्पना येते.

पात्र पाण्यातून गेले, तरी आपल्या बोलीतून अद्याप गेलेले नाही. ‘घटकाभर बसा’ असे आपण पाहुण्यास म्हणतो. आजारी माणूस शेवटच्या घटका मोजीत असतो. मनगटावरच्या यंत्रास आपण घड्याळ म्हणतो, त्या नावाच्या मुळाशी हीच घटी आहे. ‘तास’ हा शब्ददेखील मूळचा कालवाचक नव्हे. ज्या काशाच्या थाळीवर टोले दिले जात, त्या थाळीचे नाव तास; पुढे तिच्यावर वाजणाऱ्या वेळेसच ते नाव मिळाले.

असो. वाटीचे नाव सांगून आम्ही थांबलो असतो, तर तो आमचा एक तर्क झाला असता आणि काकांच्या, सूनबाईंच्या तर्कांत आणखी एकाची भर पडली असती. नाव सुचविणे निराळे आणि ओळख पटणे निराळे. म्हणून आम्ही त्यांस वाटी पाण्यात सोडून पाहण्यास सुचविले आणि रीत लिहून कळविली. मोठे घंगाळ घ्यावे. वाटी पूर्ण बुडून वर पाणी राहील इतके ते भरावे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे आणि अर्धा तास निवांत ठेवावे. वाटी फक्त कोमट पाण्याने धुवून, पुसून कोरडी करावी. चिंचेने किंवा राखेने घासू नये. ती दोन्ही हातांनी पाण्यावर सोडून हात काढून घ्यावेत आणि घड्याळ पाहावे. हे तीन वेळा करावे, म्हणजे एखाद्या वेळची चूक लक्षात येते.

पंधरा दिवसांनी दुसरे पत्र आले. वाटी उत्तम तरंगली, सरळ उभी राहिली, आणि तिन्ही वेळा जवळजवळ सारख्याच वेळाने बुडाली. परंतु ती वेळ २४ मिनिटे नव्हती, साडेबावीस होती. नातवाने त्यावर दोन हरकती काढल्या होत्या, आणि त्या त्याने फार नेमक्या मांडल्या होत्या. पहिली, वेळ जुळत नाही. दुसरी, त्याने लल्लाचार्यांनी दिलेले माप शोधून काढले होते : दहा पळे वजनाच्या तांब्याचे, अर्ध्या कलशाच्या आकाराचे, तोंडाशी अर्धा हात म्हणजे बारा अंगुळे रुंद आणि त्याच्या निम्मे उंच असे पात्र, त्याचे छिद्र सव्वातीन माशांहून किंचित अधिक सोन्याच्या, चार अंगुळे लांबीच्या सळईने पाडलेले. बारा अंगुळे म्हणजे सुमारे नऊ इंच होतात आणि ही वाटी साडेपाचच इंच आहे. मग हिला घटिकापात्र कसे म्हणावे?

अशी शंका काढणारा विद्यार्थी कोणत्याही शिक्षकास प्रिय वाटावा. पण त्या मुलास आनंद वाटेल अशी गोष्ट ही की, लल्लाचार्यांच्या या मापावर हरकत घेणारा तो पहिला नव्हे. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड गावच्या भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील यंत्राध्यायात त्यांनी घटिकापात्राचे वर्णन केले आहे, आणि पूर्वीच्या आचार्यांनी दिलेल्या वजनाच्या, उंचीच्या व सळईच्या मापांस त्यांनी स्पष्ट नकार दिला आहे. त्या मापांच्या मागे युक्ती नाही आणि त्याबरहुकूम पात्र घडविणेही दुर्घट आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. मग त्यांचा उपाय कोणता? पात्र हवे तेवढे घडवा, हवे तसे छिद्र पाडा, आणि ते अहोरात्रात किती वेळा बुडते हे मोजा. त्या संख्येने अहोरात्रास भागले की त्या पात्राचे मान निघाले. लहान पात्र, मोठे पात्र हा भेद मग उरतच नाही.

साताऱ्याच्या वाटीस ही रीत लावून पाहू. साडेबावीस मिनिटांस एकदा या हिशेबाने ती अहोरात्रात ६४ वेळा बुडेल. साठ घटिकांस चौसष्टांनी भागले असता पाऊण घटिका आणि वर तीन षोडशांश, म्हणजे सव्वाछप्पन्न पळे येतात. या वाटीचे एक बुडणे म्हणजे सव्वाछप्पन्न पळे, एवढेच तिच्या धन्यास ठाऊक असले की काम झाले. ते ठाऊक नसेल तर मात्र पाच वेळा वाटी बुडेपर्यंत साडेसात मिनिटांचा फरक पडेल आणि मुहूर्त हुकेल. जुने जोशी आपले पात्र सहसा दुसऱ्यास वापरावयास देत नसत, यात कंजूषपणा नव्हता. ज्याचे पात्र त्यालाच त्याचा स्वभाव ठाऊक.

या दीड मिनिटामागे आणखीही एक कारण असू शकेल आणि ते प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. छिद्रातून येणारे पाणी छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. व्यास शेकडा दहांनी वाढला तर क्षेत्रफळ शेकडा एकवीसांनी वाढते आणि २४ मिनिटांचे पात्र २० मिनिटांच्या आतच बुडते. या वाटीचे छिद्र दीड मिलिमीटरहूनही लहान आहे. चोवीसाचे साडेबावीस होण्यास त्याच्या व्यासात शेकडा सव्वातीनांची वाढ पुरते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. कोणी एकदा सुई घालून मळ काढला असेल, किंवा चिंच लावून वर्षानुवर्षे घासले असेल, एवढ्याने घटिकेची सव्वाछप्पन्न पळे होऊ शकतात. आम्ही पहिल्याच पत्रात सुईविषयी तंबी दिली ती याचसाठी. अशा वस्तूस लखलखीत करण्याची हौस तिच्या जिवावर बेतते.

आता दुसऱ्या पत्रातील जो भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला, तो सांगतो.

घंगाळ माजघरात मांडले होते. वाटी पाण्यावर सोडली तेव्हा घरातील लहानथोर सर्व जण भोवती जमले. हा गलबला ऐकून आत्याबाईंनी आपणांस बाहेर नेऊन बसविण्यास सांगितले. पाण्यावरची वाटी दिसताच त्या म्हणाल्या, “हळदकुंकू वाहिलंत का रे तिला?” मग त्यांनी सांगितले. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या थोरल्या बहिणीचे लग्न याच वाड्याच्या अंगणात झाले. गावच्या जोशीबुवांनी सूर्यास्त साधून वाटी पाण्यात सोडली, तिची पूजा केली, आणि धाकट्या मुलीस, म्हणजे यांस, पाटावर बसवून बजावले की डोळा हलवावयाचा नाही, वाटी बुडाली की हाक मारावयाची. प्रत्येक बुडण्यास जोशीबुवा भिंतीवर कुंकवाचे एक बोट ओढीत. “बुडताना डुबुक् असा आवाज येतो,” असे त्या म्हणाल्या आणि वाटी बुडेपर्यंत तेथून उठल्या नाहीत. वाटी बुडाली तेव्हा पहिली हाक त्यांचीच होती.

नालंदेच्या बाजूचा तो यात्रेकरू ज्या मुलांविषयी लिहून गेला, त्यांच्या मालिकेतील बहुधा अखेरच्या मुलांपैकी एक साताऱ्यातील त्या माजघरात बसली होती, आणि पेटी उघडली त्या पहिल्याच दिवशी तिने सांगितले होते, “ती पाण्यात सोडायची वाटी आहे.” हे वाक्य पहिल्या पत्रात आले नाही, कारण ते उत्तर आहे असे कोणास वाटलेच नाही. पाण्यात सोडावयाची वाटी, हे म्हातारपणचे असंबद्ध बोलणे समजले गेले. आम्हांस लिहिण्यापूर्वी आत्याबाईंस आणखी एकच प्रश्न विचारला असता, ‘पाण्यात कशासाठी?’ एवढाच, तर टपालखर्च वाचला असता.

वाटी घरात आली कशी, याचेही उत्तर त्यांच्यापाशीच निघाले. जोशीबुवा वारल्यावर जोशीकाकू मुलाकडे पुण्यास राहावयास गेल्या. जाताना त्यांनी ही वाटी आत्याबाईंच्या आईजवळ दिली आणि ‘परत येईन तेव्हा नेईन’ असे म्हणाल्या. त्या परत आल्या नाहीत. म्हणजे १९५६ च्या यादीत वाटी नाही, यात विसर पडल्याचा प्रश्नच नव्हता. यादी सांगणाऱ्या माउलीने पळी-पंचपात्री सांगितली, मोडका चिमटा सांगितला, आणि वाटी सांगितली नाही. कारण ती आपली नव्हती. वाटणी आपल्या वस्तूंची होते, ठेवीची होत नाही. ती खारव्यात बांधून माळ्यावर ठेवली गेली आणि ठेवणारी माणसे गेल्यावर तिचे नावही त्यांच्याबरोबर गेले.

पत्रलेखकांनी आता तिसरा प्रश्न विचारला आहे. वाटीचे आम्ही काय करावे? हा प्रश्न धातूचा किंवा गणिताचा नाही, तरीही आम्ही आमचे मत लिहितो. जोशी घराण्याचा ठावठिकाणा गावात विचारून पाहावा. गावचे जुने लोक, देवस्थानचे पुजारी, शेजारच्या गावी दिलेल्या मुलींची घरे, असा माग काढता येतो. कोणी सापडल्यास ठेव परत करावी आणि तिच्याबरोबर आत्याबाईंची हकीकत लिहून द्यावी, कारण त्या हकिकतीवाचून ती पुन्हा फुटकी वाटी होईल. कोणी न सापडल्यास वाटी सांभाळावी, मात्र आपली म्हणून नव्हे. फडक्यात एक चिठ्ठी ठेवावी : हे घटिकापात्र आहे, गावच्या जोशांची ठेव आहे, साडेबावीस मिनिटांत बुडते, छिद्रास हात लावू नये. चार ओळींचा कागद आहे, पण पुढची पेटी उघडणाऱ्याच्या हातून एखादे मोल नाहीसे होण्याचे तो टाळील.

इतर वाचकांच्याही माळ्यांवर अशा मुक्या वस्तू असतील. लाकडी किंवा पितळी, झाकणास बारीक छिद्रे असलेली डबी पुष्कळ घरांत मीठदाणी म्हणून टेबलावर येते. ती बहुधा ओली शाई टिपण्यासाठी कागदावर रेती भुरभुरण्याची वाळूदाणी असते. एकात एक बसणारी, काठास सरकारी शिक्के असलेली गोल मापे फुलदाण्या म्हणून मांडलेली आम्ही पाहिली आहेत. तो शेर, ते मापटे, ते चिपटे, ते कोळवे. १९५८ पासून दशमान मापे येऊ लागली आणि ही सर्व कामावरून निवृत्त झाली. निवृत्तांनी शोभेस बसण्यास आमची हरकत नाही, परंतु त्यांचे नाव तरी घरातील मुलांस ठाऊक असावे.

अशी एखादी वस्तू हाती आल्यास वाचकांनी तिचे माप, वजन, झीज आणि ती सापडली ती जागा लिहून ठेवावी. तिच्यासोबत काय सापडले हेही लिहावे. पेटीतून एकटी उचललेली वस्तू आपली अर्धी साक्ष मागेच सोडून येते. घासूनपुसून ती नवी करू नये. आणि आमच्याकडे पत्र धाडण्यापूर्वी ती वस्तू घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या हातात द्यावी आणि घटकाभर तिच्याजवळ बसावे. ती जे बोलेल ते प्रथम असंबद्ध वाटले तरी जसेच्या तसे उतरून घ्यावे. नुसते नाव विचारू नये. हिने काय करीत, कोणत्या दिवशी करीत, तेव्हा तुम्ही कोठे होता, असे विचारावे. माणूस नाव विसरतो, केलेले काम सहसा विसरत नाही. यानंतरही उलगडा न झाल्यास पत्र अवश्य पाठवावे. सोबत मोजमाप असावे, आणि आजीबाई काय म्हणाल्या तेही असावे.